बाबांचं उरलेलं नाव

मारेगाव,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

राजदीपदादा,
सप्रेम जयभीम. वहिनीलाही सांग.

बाबांची क्रियापदं आता परत येणार नाहीत. यवतमाळला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी काल स्पष्ट सांगितलं. फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहिते आहे.

इकडे पाऊस ठीक. आईचे गुडघे तसेच. मी कॉलेजातून रजा घेतली आहे.

तुला आठवतं, बाबा गवंडीकामावर कसे बोलायचे? आन, दे, उचल, सोड खाली. कोणी, काय, कुठे, ते मजुरांनी समजून घ्यायचं. एमएच्या वर्गाला मी इंग्रजीतलं प्रेडिकेट, म्हणजे विधेय, शिकवते. ‘गिव्ह’ म्हटलं की तीन जागा तयार होतात: देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू. नावं त्या जागांवर येऊन बसतात. लकवा झाल्यावर बाबांच्या त्या जागाच गेल्या. ‘पाणी’ म्हणायचे. हवं आहे, नको आहे की सांडलं, ते आम्ही ओळखायचं.

मग एका दुपारी ते म्हणाले, “राजदीप.”

पाखडता पाखडता आईने हातातलं सूप खाली टाकलं. “पाय, पोराले बलावून राह्यले!”

“आई, ते फक्त नाव म्हणाले.”

“नाव कायले घेते मानूस? बलावालेच ना?”

शेजारची जमनीबाई ओट्यावरून म्हणाली, “शिव्या द्यालेबी नावच घेते, कांताबाई.”

“तू तुह्या घरी जाय वं!”

त्याच संध्याकाळी आईने तुला फोन केला. बाबानं तुले बलावलं, माफ केलं. दादा, नाव बाबांचं होतं. ‘बलावलं’ आणि ‘माफ केलं’ आईचं. नुसतं नाव खरंही नसतं आणि खोटंही नसतं. त्याला विधेय जोडलं की मगच विचारता येतं, हे खरं आहे का. आईला ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. फोनवर तू रडत होतास, शुक्रवारी येतो म्हणालास, हे तिने सगळ्या गल्लीला सांगितलं.

कोर्टात लग्न करून तू आलास तेव्हा बाबा एकच शब्द बोलले होते: “निघ.” तो मागे घ्यायला ‘ये’ एवढाच शब्द लागला असता. त्यांच्या मनात तो होता की नव्हता, ते आता कोणालाच कळणार नाही. त्यांनाही सांगता येणार नाही.

हे मी कालपर्यंत लिहिणार नव्हते. तू यावंस, एवढंच मलाही हवं होतं. पण काल मॅडमनी चित्रं दाखवली. कंगवा. बाबा म्हणाले, “राजदीप.” बैल. “राजदीप.” मग मॅडमनी माझ्याकडे बोट केलं, “बाबा, ही कोण?” बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हसलेसुद्धा. “राजदीप.”

मॅडम म्हणाल्या, बाकीची नावंही जाऊन एखाद्याजवळ असा एकच शब्द उरतो. तोच का, ते सांगता येत नाही; घरच्यांनी त्यातून अर्थ काढू नये. आई तेव्हा बाहेर औषधं आणायला गेली होती. मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. आईला तू हवा आहेस, एवढं एक वाक्य मी खात्रीने लिहू शकते. बाबांबद्दल तसं एकही लिहिता येत नाही.

शुक्रवारी तू दारात उभा राहशील. बाबा “राजदीप” म्हणतील. आई म्हणेल, “पाय, तुले वळखलं!” आणि तुझा हात धरून त्यांच्याजवळ बसवेल. मग मी चहा आणीन, आणि ते कपाकडे बघून पुन्हा तेच म्हणतील. त्या वेळी आई तुझ्या तोंडाकडे बघत असेल. तेवढा चेहरा सांभाळ.

तुझी बहीण,
प्रियंका