सरकवलेली चूल

आई, नौपाड्याच्या घरातली चूल आधी भिंतीच्या मधोमध होती आणि ती तुझ्यासाठी उजव्या कोपऱ्यात सरकवली, हे आज दुपारी पक्कं कळलं. सकाळी गवंड्याने निम्मं सांगितलं होतं. उरलेलं त्या घरच्या मुलीने डोंबिवलीला सांगितलं. हो, तेच घर. बाबा गेल्यावर अकरा वर्षं तू जिथे स्वयंपाकाला जायचीस ते. चार महिन्यांपूर्वी मी ते विकत घेतलं.

कौलं बदलून झाली, वीज आली, सिमेंटचं परमिट मिळायला सहा आठवडे गेले. आता स्वयंपाकघर राहिलंय. तुझ्या सुनेला उभ्याने करायचा ओटा हवा आहे. खाली बसून धुरात डोळे घालवणार नाही, असं तिने घर बघतानाच बजावलं होतं. म्हणून आज सकाळी बाळकुमहून गवंडी आला, चुलीपाशी उकिडवा बसला आणि जमिनीवर हात फिरवून म्हणाला, "साहेब, ही चूल मूळची इथली नाय. पहिली तिकडं मधे होती, हा बघा काळा डाग. आणि बसणारी बाई डावखुरी असणार. उजव्या अंगाला भिंत, हात हलवायचा कुठं?" मी हसलो. म्हटलं, डावखुरी नव्हती, माझीच आई होती ती. तो म्हणाला, "मग तुमच्या आईला कोपर सोलून घ्यायची हौस असंल." ही आतून मोठ्याने हसली. मला हसू आलं नाही.

दुपारी डोंबिवलीला जायचंच होतं. कागदांवर एक सही राहिली होती. त्या घरची मुलगी आता शाळेत शिकवते, चष्मा लावते, केस निम्मे पांढरे झालेत. लहानपणी तिचा मला किती राग यायचा ते तुला ठाऊक होतं. ती तव्यावरची पोळी खायची आणि मी तू पदराखाली आणलेली गार. चहा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं चुलीचं विचारलं. ती म्हणाली, "अहो, तुमच्या आईंसाठीच सरकवली ती! उजव्या हाताने पोळी उलटायला गेल्या की फाटायची. मग आमची आई म्हणाली, वाढताना उजवा हात असला म्हणजे झालं, भाजताना बघायला कोण येतंय! डाव्या अंगाला हात मोकळा राहावा म्हणून चूल कोपऱ्यात घेतली. कुणी सोवळ्यातलं आलं की आई दारातून खाकरायची, की तुमच्या आई लगेच हात बदलायच्या. आम्हा मुलांना त्याची काय मजा वाटायची! डाव्या हाताने पोळी तव्यावरून उडवायच्या ती बरोब्बर माझ्या पानात. तुम्हाला तर घरी रोजच करून दाखवत असतील."

"हो तर," मी म्हणालो.

आपल्या चरईच्या खोलीत मी तुझा डावा हात कामाला लागलेला एकदाही पाहिला नाही. तुझ्या घरच्या पोळ्या वाकड्या यायच्या, एका कडेला जाड, दुसरीकडे करपलेल्या. मी विचारलं की म्हणायचीस, "दमलेय रे, खा." मी समजायचो, चांगलं पीठ त्यांच्याकडे असतं. मी सहा वर्षांचा असताना पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात धरली तर तू लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून तो हात कमरेशी बांधलास. सबंध श्रावण मी तसा बसलो. रडलो तेव्हा म्हणालीस, "लोक आधी हात बघतात रे, अक्षर मागून." मॅट्रिक झालो तेव्हा फाउंटन पेन आणलंस आणि माझा उजवा हात पुढे ओढून त्यात ठेवलंस. त्या हातावर मी वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली. बांधल्याचा राग नाही. का बांधलास तेही आज कळलं.

आणखी एक दिवस आहे, तो आज दुपारपासून डोळ्यांपुढून हलत नाही. मी सात-आठ वर्षांचा. मामा आलाय एवढा निरोप घेऊन त्या घराच्या परसदाराशी उभा आहे. तू चुलीपाशी बसली आहेस, ती मुलगी पानावर, आणि तू हसते आहेस, मोठ्याने, दात दिसेपर्यंत. तुझं लक्ष माझ्याकडे जातं. हसू थांबतं आणि उलथनं या हातातून त्या हातात जातं. मला वाटलं, मारणार. मी निरोप न सांगताच पळालो. परसदाराला कुणी खाकरायला नव्हतं, एवढंच घडलं होतं. पण आई, सोवळ्यातल्या पाहुण्यांसाठी बदलायचीस तसा तू माझ्यासाठी हात बदललास. ती मुलगी अकरा वर्षं एका बाईच्या हातचं जेवली, जी मला कधी भेटलीच नाही. गरम पोळीचा हेवा केव्हाच संपला असता. हा संपेलसं वाटत नाही.

निघताना ती म्हणाली, "रविवारी येते घर बघायला. चूल आहे ना अजून?" मी म्हटलं, बघू या. गाडीत बसेपर्यंत ठरवून टाकलं होतं की ती यायच्या आत चूल फोडायची. घरी येताच गवंड्याला निरोप धाडला, उद्याच ये म्हणून. हिला कारण सांगितलं नाही. मी जेवत असताना हिने दोनदा माझ्या हाताकडे पाहिलं.

हे पत्र कुठल्या टपालात पडायचं नाही, म्हणून इथे कबूल करतो. "हो तर" म्हणालो ते खोटं होतं, आणि ते रविवारी चुलीपाशी ती ओळखेल या भीतीनेच चूल फोडायची घाई झाली होती. उद्या आठ वाजता गवंडी पहार घेऊन येईल. त्याला सोमवारी ये म्हणून सांगणार आहे. रविवारी ती येईल, सरळ स्वयंपाकघरात जाईल, आणि मला तिला विचारावं लागेल की तू नेमकी कशी बसायचीस.