आहे तसे वापरावे

डार्मश्टाट, ३ मार्च २०१५
निषेध नोंदवून ठेवतो. बेकरीतल्या बाईंनी आजही पाव कापून द्यायला नकार दिला. गरम पाव मशीनला चिकटतो म्हणे. पाव माझा, भूक माझी, आणि निर्णय मशीनचा!
संध्याकाळी बायकोने, वंदनाने, सांगितलं, त्यांच्या संस्थेची दुर्बीण दोष माहीत असूनही अवकाशात पाठवणार. याच जर्मनीत? कुतूहल चाळवलं. पुण्याच्या साप्ताहिकाला लेख होईल.

६ मार्च
जेवताना वं.ला खोदून विचारलं. दुर्बिणीच्या झाकणाची जबाबदारी तिच्याकडे. वर गेल्यावर एकदाच उघडायचं. थंडीच्या चाचणीत मोटर दोनदा अडकली, आपोआप सुटली. का, कळत नाही. दुरुस्तीला अख्खी दुर्बीण खोलावी लागेल, रॉकेटवरची पाळी हुकेल.
"मग?"
"मग फॉर्म. दोष लिहायचा, खाली 'आहे तसे वापरावे', आणि जबाबदार माणसाची सही."
म्हटलं, काव्यशास्त्रातही दोषांच्या याद्या आहेत, पण तिथे कवीला सही करायला लावत नाहीत.
"अहो, झाकण अडकलं म्हणून तुमचे कवी आंधळे होत नाहीत."

१० मार्च
फॉर्म अजून तिच्या बॅगेत. तिचे साहेब, हेर क्लाइन (इथे 'हेर' म्हणजे श्रीयुत), रोज विचारतात. दडपण अजिबात नाही, फक्त विचारतात. रोज.
राखीव मोटर आहे ना? "आहे. त्याच बनावटीची." इथले लोक म्हणतात तसं, 'या, गेनाऊ': हो, अगदी बरोबर.

१२ मार्च
सकाळी बूट घालता घालता वं.: "करू का सही?"
पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "कर की. ब्रह्मदेवानेही सृष्टी आहे तशीच पाठवली."
हसली. गेली.
संध्याकाळी आल्या आल्या: "केली."

२७ ऑगस्ट
उडाली! संस्थेच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहिली. टाळ्या, मिठ्या. हेर क्लाइन चक्क रडले. वं. नाही. झाकण उघडायला अजून तीन आठवडे. आधी बाकीची यंत्रं तपासणार.

३० ऑगस्ट
लेख गेला. संपादकांचा फोन: "झकास! मथळा देतोय, 'निर्दोष उड्डाण'." उड्डाण खरंच निर्दोष होतं. हरकत कशावर घेणार?
वं. जेवता जेवता मध्येच थांबते. काय झालं? "काही नाही हो."
तिला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. त्या सकाळी ती गमतीत विचारत नव्हती. मोटरमधलं मला काडीचं कळत नाही. दुर्बीण उडताना बघायची होती, लेख हवा होता, म्हणून 'कर' म्हटलं. झाकण उघडलं नाही तर कागदावर सही तिची एकटीची आहे.