बाभळीचे दोन ठोकळे

मु. पो. वरवे बुद्रुक, ता. भोर
ता. ८ फेब्रुवारी १९७६, रविवार

चि. भिमा भावजी,

आशीर्वाद मागनं देते. आधी मला सांगा, तीन म्हैनं झालं, कराडात कागद मिळत न्हाई का तुमचा हात मोडला? संक्रांतीला तिळगूळ डब्यात घालून एस.टी.च्या कंडक्टरकडं दिला. तिळगूळ पोचला का न्हाई ते न्हाई, डबाबी परत आला न्हाई. पितळंचा डबा हाय तो. पोरगी रोज इचारती, काका कवा येणार. तिला काय सांगू? तुमच्या दादाचं सोडा, तुमचं नाव निघालं की ते ताटावरनं उठत्यात. पण वहिनीला दोन ओळी लिवायला काय झालं? म्या काय केलं तुमचं?

ही शेवटची ओळ लिवली आन खोडणार हुते. खोडत न्हाई. तुमी वाचून हसला असाल नायतर कागद चुरगाळला असंल. चुरगाळला असंल तर सरळ करा आन पुढं वाचा.

मी दुसरीपत्तोर शिकलेली. कुणाकडनं लिवून घेतलं असतं तर बरं अक्षर आलं असतं, पण हे दुसऱ्याला सांगून लिवून घ्यायसारखं न्हाई.

हितलं बरं चाललंय. भात झोडून झालं. वाल औंदा चांगला हाय. म्हस विली, रेडी झाली. नसरापूरच्या नाक्यावरचं तुमचं गाड्या दुरुस्तीचं शेड तसंच हाय, कुलपाला गंज चढलाय. पाटीवर कुणी मेल्यानं कोळशानं लिवलंय, "हितं गाड्या सुटत्यात". म्या परवा पदरानं पुसलं. सगळं निघालं न्हाई.

आन दुसरी खबर. दादा आपली ती मिलिट्रीची जुनी गाडी विकायला निघालेत. सासवडचा मानसिंग रविवारी बावीस तारखेला न्यायला येणार. तो म्हणतो, ती तेलाची भानगड पयली उपसून फेकतो आन साधी क्लच बसवतो. दादा म्हणले, फेका.

म्हणजे दादा परत सडकंच्या कडंला त्या दगडावर बसणार. तुमी बघितलंय त्यांना तसं. डावा पाय अधू झाल्यापासनं दोन वर्सं बसले हुते. जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायचे, ह्याचा नॉझल गेलाय, ह्याचा पट्टा ढिला हाय. ऐकायला कोंबड्या. ड्रायव्हर ठेवला तर त्याच्याशी भांडण. एक दिवस तुमीच म्हणलात, "वहिनी, पाय नीट हुईत न्हाई तर क्लचच काढून टाकू."

मला ते आवडलं. दादा म्हणत हुते, इंजिन बदललं तेवढं बास, मिलिट्रीच्या गाडीला डिझेल इंजिन बसलं, आता आनखी कशाला हात लावता. म्या त्यांना गप बसवलं. तुमच्यासंगट पुण्याच्या जुन्या बाजारात म्या आले. धरणाच्या कामावरचं भंगार पडलं हुतं. दोन कन्व्हर्टर हुते, क्लचच्या जागी तेलानं जोर पोचवणारे, आपापल्या गेरबॉक्ससकट, एक डंपरचा, परातीएवढा, आन एक क्रेनचा, त्याच्या निम्मा. म्या म्हणलं मोठा घ्या. तुमी म्हणलात ल्हान. म्या त्या भंगारवाल्याम्होरं काय बोलले ते तुमाला ध्यानात असंल. "घरच्या गाडीला निवडायचं तर ह्यांचा हात आखडतो."

तुमी चिडला न्हाईत. म्हणलात, "वहिनी, ताक घुसळताय ना रोज? इंजिन म्हणजे दोरी ओढणारा हात, ह्यो कन्व्हर्टर म्हणजे डेरा आन रवी, आन आतलं तेल ताकासारखं फिरून चाकं फिरवतंय. आपलं इंजिन ल्हान. मोठ्या डेऱ्यात मोठी रवी घातली तर दोरी ओढवंल का? हात जागच्या जागी गुदमरंल. डंपरचं इंजिन दुप्पट जोराचं, ते ओढतंय. आपल्याला ह्योच." आन तेल तापंल म्हणून जीपचा जुना रेडिएटर येगळा बसवलात.

दादांनी भाताची पोती भरून पाबे घाट चढवला तवा म्या शेजारी बसले हुते. एकच पाय. क्लच न्हाई, हिसका न्हाई. वर गेल्यावर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आन म्हणले, "भिम्याला अक्कल हाय." तुमची निवड बरोबर हुती. हे म्या तुमाला कधी म्हणले न्हाई. आता म्हणते.

आता ज्यासाठी कागद घेतला ते.

नाक्यावर ब्याटरी बसली तो दिवस. नऊ माणसं गाडी ढकलत चेलाडीपत्तोर गेली. गाडी पळती आन इंजिन झोपलेलं. ढकलणारा रामभाऊ म्हणला, "मिस्त्री, ही गाडी हाय का वरात?" तुमी हसत आलात. म्हणलात, ताक हलवून हात हलत न्हाई, ढकलून ही कधी सुरू व्हायची न्हाई. मग मला बाजूला घेतलंत. म्हणलात, "वहिनी, तसंच उलटं बी हाय. बंद गाडी गेरात टाकून आता थांबत न्हाई. मधी निस्तं तेल, ते काय धरून ठेवतंय? हँडब्रेकचं सामान पंधरा दिवसांत आणतो. तवर उतारावर चाकाला ठोकळा लावल्याबिगर उतरायचं न्हाई. दादाची ईस वर्साची सवय हाय आन तो माझं ऐकत न्हाई. तुमी सांगा." आन बाभळीचे दोन ठोकळे माझ्या हातात दिलेत. रंधा मारून, वर दोरीची मूठ लावून.

म्या दादांना सांगितलं न्हाई.

का, ते बी ऐका. ही खोड त्यांना कळती तर म्हणले असते, बघ, म्या नको म्हणत हुतो. म्या हट्टानं आणलेली चीज. म्हणलं, पंधरा दिवसांचा तर सवाल हाय. ठोकळे घरी नेले आन पाण्याच्या हंड्याखाली ठेवले. हंडा डुगडुगत हुता. ठोकळे सरळ, मापाचे.

त्याच पंधरा दिवसांत वेल्ह्याला फुलाबाईच्या दारात पोती भरायला थांबलो, तो उतार तुमाला म्हाईत हाय. दादांनी नेहमीसारखी गाडी गेरात टाकली, बंद केली आन काठी घेऊन उतरले. आता जे लिवते ते म्या कुणाजवळ बोलले न्हाई. मला आठवलं, भावजी. तिथंच आठवलं. पायाशी दगड पडला हुता, चांगला नारळाएवढा. तो उचलून चाकाखाली सारायचा, एवढंच काम. पण दादांनी इचारलं असतं, हे काय? आन मला सगळं सांगावं लागलं असतं. म्हणलं, एवढ्यात काय हुतंय.

सहा पोती चढली आन गाडी निघाली.

फुलाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत हुती. दोन हात इकडं आली असती तर तीच गेली असती. गाय गेली, गोठ्याची भित गेली. तिला दुसरी गाय नेऊन बांधली, पण ती म्हातारी अजून घरात येताना उताराकडं बघून येती.

खबर ऐकून तुमी सायकलवर आलात. साऱ्या गावाम्होरं दादांनी तुमच्या मुस्काटात मारली. टोपी पडली तुमची. ते म्हणले, "आधी सांगाया काय झालं हुतं तुला?" तुमी माझ्याकडं बघितलंत. एकदाच. त्या वक्ताला एक शब्द बोलले असते तर झालं असतं. म्या बोलले, पण काय बोलले? "शिकायचं असंल तर परक्याच्या गाडीवर शिकावं माणसानं." तुमी टोपी उचलून झटकलीत आन गेलात.

तवापासनं हंड्यातनं तांब्या भरायला वाकले की ते ठोकळे दिसत्यात. म्हणून एक दिवस हंडा खाली उतरवला. आता हंडा जमिनीवर डुगडुगतो आन ठोकळे धुऊन कोपऱ्यात ठेवलेत. दादांनी इचारलं, हे कुठले? म्या म्हणलं, असेच. बघा, अजूनबी खोटंच.

घरात सांगून टाकावं, असं तुमी म्हणाल. सांगितलं तर दादा चुलीम्होरं ऐकतील आन तिथंच राहील. मार तुमी गावाम्होरं खाल्लात. म्या बी तिथंच सांगणार, फुलाबाईच्या दारात, ठोकळे हातात घेऊन, दादा, रामभाऊ, सगळ्यांम्होरं. पण तुमी तिथं पायजे. तुमच्यामागं सांगितलेलं तुमच्या काय कामाचं?

माफ करा म्हणून लिवत न्हाई. ते तोंडानं म्हणायचं हाय. आन माफ नका करू हवं तर, निस्तं उभं राहून ऐका. मग हँडब्रेक बसवा नायतर कराडला परत जा, तुमची मर्जी.

मानसिंग बावीसला येतो. शनिवारी एकवीसला म्या वेल्ह्याला जाणार, तुमी या नायतर नका येऊ. आला न्हाईत तर एकटी सांगीन. पण शुक्रवारी ईस तारखेच्या टपालानं मला उत्तर पायजे. येतो का न्हाई येत, एवढंच लिवा. कार्ड सोबत घातलंय, त्यावर पत्ता बी माझ्याच हातचा हाय.

आशीर्वाद द्यायचा राहिला. तो बी तिथंच देईन, घ्यावासा वाटला तर.

ठकुबाई