अण्णांच्या ट्रकला डिस्क ब्रेक

रविवार, दिवेलागण

अण्णांच्या जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक काढून आज बूस्टरसकट डिस्क ब्रेक बसवले. लकव्यानंतर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, उजव्या पायात जोर राहिला नाही, म्हणून माझा हा सगळा खटाटोप. परळीचा मिस्त्री म्हणाला, "ताई, पेडल लई हलकं झालंय. नुसता पाय ठेवला तरी गाडी थांबंल."

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून स्टेअरिंगवर बसले. मी शेजारी. गावाबाहेरच्या मोकळ्या उतारावर त्यांनी गाडी हळूच सोडली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मला हसूच आलं.

"अण्णा, सोडा आता ब्रेक."

"सोडलाय की, माय."

पाय तिथंच होता. त्यांना कळतच नव्हतं. शेवटी मी वाकून दोन्ही हातांनी तो पाय उचलला. केवढा जड. दाबायचाच विचार केला मी, उचलायचं कसं सुचलं नाही? आणि सुचून तरी काय केलं असतं?

"तू चालव," एवढंच म्हणाले. येताना मी ब्रेक मारला की माझ्या पायाकडे बघायचे. दारात गाडी थांबल्यावर म्हणाले, "चांगले लागतेत ब्रेक." मग उतरायला माझा हात मागितला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.