मौनीबाईंची हजेरी

४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. आमच्या कंपनीने नियम काढलाय: आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, दोन दिवस घरून. दारावर कार्ड टेकवलं की हजेरी. माझ्या टीममधली सगळ्यात हुशार मुलगी बोलतच नाही, म्हणून तिला मौनीबाई म्हणतो. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत. घरून काम करता येईल, असं सांगून मीच तिला नोकरीवर घेतलं होतं. आता ती सोडून जाईल. जे ऑफिसात येतात, ते हेडफोन लावून घरी बसलेल्यांशीच बोलतात. मला तर काही कळेनासं झालंय. काय करू?
तुमची लाडकी (असं मी तरी समजते),
ठमी

११ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
मला ऐकू येतं. खरखर तुमच्या फोनलाच आहे. यात डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? आमच्या कारखान्यात कुणाच्या घरी आजारपण असलं की त्याचं कार्ड दुसरा हजेरीच्या यंत्रात घालायचा. काम मात्र अडू द्यायचो नाही. तिचं कार्ड तू टेकव. काकू म्हणते, पोरीला भलतं शिकवू नका. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.
तुझा, सगळे नियम कोळून प्यायलेला,
काका

२० ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि. तुमचं ऐकलं आणि घोळ झाला. मौनीबाईंचं कार्ड तीनच दिवस टेकवायचं, पण कुठले ते लक्षात राहीना, म्हणून मी रोजच ऑफिसात जाऊन टेकवलं. तिने घरून इतकं सुंदर काम केलं की साहेब खूश. त्यांनी हजेरी पाहिली, ही रोज येते म्हणूनच असं काम होतं, असा अर्थ काढला आणि आता सगळ्यांनाच पाचही दिवस बोलावलंय. तो हुकूम वाचून मौनीबाईंनीच राजीनामा दिला. आणखी दोघं दुसरीकडे मुलाखती देताहेत.

काल ती शेवटच्या सह्या करायला आली. साहेब तिला म्हणाले, रोजचा चेहरा दिसणार नाही, चुकल्याचुकल्यासारखं होईल. हसावं की रडावं, मला कळेना. जाताना तिने माझा हात घट्ट धरला. फार वाईट वाटलं, काका.

खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, नाही सांगितलं तर बाकीचे जातील. उद्या साहेबांकडे जातेय. तिचं कार्ड माझ्याकडेच आहे. सोबत माझंही नेतेय.

काकूला नमस्कार सांगा, आणि तिचं बरोबर होतं हेही. लोभ आहेच, तो बिननोकरीच्या पुतणीवरही असू द्या.
तुमची,
ठमी