चाकामागचे दगड

आइंडहोवेन
१० मार्च २०२४

ती. बाबांस सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आई म्हणते, कानाला यंत्र लावा म्हटलं की तुम्ही यंत्र डब्यात ठेवून छपरीत जाऊन बसता. तीस वर्षं डंपरच्या इंजिनाने कान खाल्ले, आता त्या बोटभर यंत्राला काय घाबरता? पण एका अर्थी बरंच झालं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी हाताने पत्र लिहितो. इथे ऑफिसात कोणाला सांगितलं तर हसतात.

आता खास तुमच्यासाठी बातमी. इथून रेल्वेने तासाभरावर, जर्मनीच्या सीमेलगत, कोळशाच्या खाणींचा जुना मुलूख आहे. खाणी बंद होऊन पन्नास वर्षं झाली. खाणीतून काढलेल्या मातीच्या टेकड्या राहिल्यात, त्यांच्यावर आता गवत आणि झाडं आहेत. अशा एका टेकडीच्या उतारावर शेफ नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं यार्ड आहे आणि त्यात सात जुने ट्रक गंजत उभे आहेत. तो स्वतः कोळशाचा ट्रक चालवायचा. मी दर रविवारी सायकल रेल्वेत टाकून तिथे जातो आणि फोटो काढतो. माझे वडील खाणीत डंपर चालवायचे हे कळल्यापासून तो मला कॉफीचे पैसे काढू देत नाही. वर त्याची मुलगी मार्लेन जर्दाळूचा केक आणून देते. सोबत निळ्या ट्रकचा फोटो पाठवतोय. कसा वाटला ते कळवा.

आईला जय भीम. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सुयश

खाण कॉलनी, जि. चंद्रपूर
२९ मार्च २०२४

चि. सुयश यास अनेक आशीर्वाद व जय भीम.

फोटो पोचला. तुझ्या आईने तो आरशाच्या कडेला खोचला आहे, त्यामुळे दाढी करताना अर्धा गाल दिसत नाही. शेजारच्या अमृताला दाखवला. ती म्हणाली, काका, दादा एवढा शिकून परदेशात भंगाराचे फोटो काढतो का? मी म्हटलं, भंगार तर मीही आहे, माझा काढायला मात्र त्याला चार वर्षांत वेळ झाला नाही.

गंमत सोड. फोटोत मी सगळ्यात आधी चाकं पाहिली. उतारावर उभी गाडी आणि मागच्या दोन्ही चाकांना मोठे दगड नीट दाबून लावलेले. तुझा म्हातारा पक्का ड्रायव्हर आहे. त्याला माझा जय भीम सांग. ब्रेकवर भरवसा ठेवणारा ड्रायव्हर आमच्या खाणीत टिकला नाही.

तुला ठाऊक आहे, तरी म्हातारपणी माणूस तेच तेच सांगतो. एक्क्याण्णव साली जेवणाच्या सुट्टीत मी गाडी उतारावर लावली, चाकाला दगड लावला आणि हात धुवायला गेलो. तेवढ्यात कोणीतरी तो दगड उचलला, बहुतेक चहाच्या चुलीसाठी. गाडी सरकली. खाली सावलीत वासुदेव डबा खात होता, तो चाकाखाली गेला. ज्याने दगड उचलला त्याने आजपर्यंत तोंड उघडलं नाही. सगळे म्हणाले, धनराज दगड लावायला विसरला. वासुदेवची बायको लीलावती तीन घरं सोडून राहते. तेहतीस वर्षांत तिने आपल्या घरचं पाणी घेतलं नाही.

असो. थंडीत कान झाकून जात जा. आपुलकी अशीच ठेव.

तुझा,
बाबा

आइंडहोवेन
१६ एप्रिल २०२४

ती. बाबांस सविनय जय भीम, वि. वि.

आनंदाची बातमी. त्या गावच्या नगरपालिकेचं एक छोटं कलादालन आहे. तिथे ऑगस्टमध्ये माझ्या ट्रकच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय! सहकारी जळून कोळसा झाले, खाणीला शोभेलसे.

मुख्य फोटो निळ्या ट्रकचाच असेल. सोबत दोन प्रती पाठवतोय, दोन्ही परवाच्या, चौदा तारखेच्या रविवारच्या. मागे तारीख आणि वेळ छापली आहे. आदल्या दिवशीच मार्लेनने सगळं गवत कापलं होतं, त्यामुळे ट्रक कसा उठून दिसतो पाहा. पहिल्या फोटोत तुमचे लाडके दगड आहेत. त्यांनी सगळी चौकट बिघडते. म्हणून मी ते काढून बाजूच्या झुडपात ठेवले आणि दुसरा फोटो घेतला. आता दोन्ही शेजारी ठेवून बघा, ट्रक हवेत तरंगल्यासारखा वाटतो की नाही? रागावू नका. चाळीस वर्षांत जो ट्रक हलला नाही तो आता कुठे जाणार? टायरसुद्धा मातीत रुतलेत.

पाच वाजताची रेल्वे पकडायची होती म्हणून घाईत निघालो. शेफला तुमचा जय भीम सांगितला. तो शब्द त्याने चार वेळा घोकला.

माया असू द्यावी.

आपला,
सुयश

खाण कॉलनी
३ मे २०२४

चि. सुयश यास आशीर्वाद.

काल तुझं पत्र आलं. दगड परत लावलेस असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं.

पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात, म्हणून कालच अमृताला तुझ्या मोबाइलवर निरोप धाडायला लावला की दगड लाव, नसेल जमत तर त्या म्हाताऱ्याला फोन कर. तुझ्याकडून उलट नुसता अंगठा आला. अमृता म्हणते अंगठा म्हणजे होकार. आमच्या वेळी अंगठा न वाचता लावायचे.

रुतलेली गाडी कधीही हलते. पावसाने माती सुटली की तिला कोणाची परवानगी लागत नाही. लावलेस एवढं एका ओळीत कळव म्हणजे माझा जेवणावर जीव लागेल.

काळजीत असलेला,
बाबा

आइंडहोवेन
२० मे २०२४

ती. बाबांस सविनय जय भीम, वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. फोनवर मी तिला काही बोललो नाही.

शेफ गेला. गुरुवारी सकाळी, आठ दिवसांच्या पावसानंतर निळा ट्रक सरकला. शेफ खालच्या बाजूला स्टुलावर बसून, माझ्या प्रदर्शनासाठी म्हणून, ट्रकच्या नंबरपाटीला रंग देत होता. लगेच गेला, फार सोसावं लागलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

निरोप मिळाला होता, बाबा. पुढच्या रविवारी लावू म्हटलं. त्या रविवारी चौकटी करायला गेलो, त्याच्या पुढच्या रविवारी छपाईवाल्याकडे.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. दगड झुडपात सापडले. मार्लेनला वाटतं, तिनेच गवत कापताना ते बाजूला ठेवले आणि परत लावायला विसरली. अंत्यविधीनंतर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, म्हणत होती की तिने तिच्या वडिलांना मारलं. मी तिला समजावलं की अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. मला कोणी काही विचारलं नाही.

आता सांगून शेफ परत येणार आहे का? माझा कायमच्या रहिवासाचा अर्ज अडकलाय. प्रदर्शन त्याच्या स्मृतीला अर्पण करतोय, निमंत्रणाचं कार्ड सोबत आहे. मागे यार्डाचा पत्ता आहे, उद्घाटन मार्लेनच्या हस्ते. दगडांचा तो पहिला फोटो मी कॉम्प्युटरमधून काढून टाकलाय. तुमच्याकडची प्रत तेवढी फाडून टाका.

तुमच्या मायेवर विसंबून,
सुयश

खाण कॉलनी
१० जून २०२४

चि. सुयशला आईचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचलं. माझ्यापासून लपवायला तुझे बाबा काही चोर नव्हेत. ते आठ दिवस एका भाकरीवर आहेत. दोन्ही फोटो त्यांनी जुन्या खाकी शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलंय. म्हणतात, आषाढी पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. त्याने स्वतः त्या बाईला सांगावं.

खरं सांगते, मला तू हवास, मला ती बाई कोण लागते? परवा ते आंघोळीला गेले तेव्हा मी खिशातून दगडांचा तो फोटो काढला आणि चुलीकडे निघाले. तर दारासमोरून लीलावती पाण्याची कळशी घेऊन चालली होती, रोजच्यासारखी मान वळवून. बाळा, या गल्लीत मी तेहतीस वर्षं खुन्याची बायको म्हणून भाजी घेतली आहे. शाळेत मुलं तुला काय म्हणायची, ते तू विसरलास का? फोटो परत खिशात ठेवला.

तू तिथे, आम्ही इथे, मला तुझे पाय धरताही येत नाहीत. सांगून टाक. मग जे होईल ते होवो, घरी ये, दोन वेळची भाकर आहे.

तुझी,
आई

आइंडहोवेन
२९ जून २०२४

बाबा,

आईला मध्ये घातलंत ते आवडलं नाही. तुम्ही मला मुदत देता? मी इथे एकट्याने बारा वर्षांत जे उभं केलं, ते एका फोटोपायी मोडायचं?

स्पष्टच लिहितो. तुम्हाला मार्लेनचं काही पडलेलं नाही. तुम्हाला आयुष्यभर एक गुन्हेगार हवा होता. तो सापडला नाही, म्हणून आता मला उभं करताय. दगड कोणीतरी उचलला, कोणीतरी उचलला, हे ऐकत मी मोठा झालो. कधी कोणी पाहिला का तो माणूस? त्या दिवशी तुम्हीच दगड लावायला विसरला नसाल कशावरून?

फोटो जाळा. नाहीतर यापुढे पत्र लिहू नका.

सुयश

खाण कॉलनी
२२ जुलै २०२४

चि. सुयश यास जय भीम.

काल पौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदना झाली, तरी दुपारपर्यंत पोस्टमनची वाट पाहिली. काल रविवार, पोस्ट बंद असतं, हे तुझ्या आईने दोनदा सांगितलं.

आज दोन्ही फोटो कार्डावरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. सोबत मार्लेनला पत्र आहे, मी सांगितलं आणि अमृताने इंग्रजीत लिहिलं. त्यात तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. एवढंच आहे की पोरी, तू गवत कापून दगड परत लावले होतेस, हा त्याचा फोटो, मागची तारीख बघ. माझ्या मुलाने ते काढले. सही मी केली आणि तुझ्या आईनेही केली. ते प्रदर्शनाच्या आधी पोचेल, पोस्टमास्तरांना विचारून घेतलं.

तू जे विचारलंस ते फार लागलं. पण प्रश्न नवा नाही. तेहतीस वर्षं तो मी रोज स्वतःला विचारतो. दगड लावल्याचं मला आठवतं. पण इतक्या वेळा आठवून पाहिलंय की खरंच लावला होता, की लावला असावा म्हणून आठवतं, हे आता मलाच सांगता येत नाही. बहुतेक मरेपर्यंत कळणार नाही. माझ्या वेळी फोटो काढायला कोणी नव्हतं. तिच्या वेळी तू होतास.

पत्र लिहू नकोस म्हणालास, म्हणून हे शेवटचं. शेवटी माया असावी असं लिहायची रीत आहे. माझी आहे, ती कमी करता आली असती तर हे करणं सोपं गेलं असतं.

तुझा,
बाबा