बाकी लोखंड

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे! मी, धाकटी बहीण, दोन बॅगा आणि तिची ती जन्माची उशी. खाली सुऱ्यांचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. दिवसभर ग्राइंडरची घरघर. काम ऐकून लोक हसतात. कुठल्या सुरीच्या पोलादात कार्बन किती, क्रोमियम किती, याची इंटरनेटवरची यादी मी सांभाळायची! सुरीवेडे लोक जगभरातून ती बघतात. धाकटीचं मत असं की सुरीनं कांदा चिरला म्हणजे झालं, तिचं रक्त कशाला तपासायचं. मालकांना सगळे पोलादकाका म्हणतात. त्यांनी स्वतः घडवलेली एक काळपट सुरी घरात वापरायला दिली. धाकटीनं ती लगेच ताब्यात घेतली. स्वयंपाकघर तिचं, तिथे माझी डाळ शिजत नाही.

६ नोव्हेंबर

काम आवडलं बाई. सुरी यंत्राखाली धरायची, ठिणगी पडते, पडद्यावर टक्केवारी येते. फक्त लोखंड कुणी मोजत नाही. बाकी सगळं मोजल्यावर शंभरात उरेल ते लोखंड, म्हणून त्या रकान्यात नुसतं ‘बाकी’ लिहितात. आकड्यांच्या रकान्यात शब्द! मला तर ते बघवेना. पोलादकाकांना म्हटलं, आकडे भरते. ते म्हणाले, राहू दे पोरी, निदान माझ्या सुऱ्यांचं तरी राहू दे. म्हातारं माणूस, हो हो म्हणायचं आणि करायचं आपलंच.

१० नोव्हेंबर

केलं! सगळीकडे वजाबाकी करून लोखंडाचे आकडे भरले, आमच्या घरच्या सुरीचासुद्धा. साइट बनवणाऱ्याकडून पक्का बंदोबस्तही करून घेतला. लोखंडात शब्द चालणार नाही, बेरीज शंभर नसेल तर ओळ साठवली जाणार नाही, आणि आकडे बदलता आले तरी एकदा लिहिलेली ओळ कुणाला पुसता येणार नाही. आहे की नाही मी हुशार? जेवताना हे सगळं सांगितलं तर धाकटी जांभया देत होती. दमलेली वाटते. चिरताना बोट कापलं म्हणाली, पण रक्त काही आलं नाही.

१४ नोव्हेंबर

धाकटी जिना चढताना मध्येच बसली. ओठ पांढरेफटक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं लोखंड फार उतरलंय, गोळ्या दिल्या. इतकी धडधाकट पोरगी, मला काही सुचेना. घरी आल्यावर भाजी मीच चिरायला घेतली तर सुरी हाताला जड लागली. उगाच शंका नको म्हणून खाली नेली आणि यंत्राला या वेळी लोखंडही मोजायला लावलं. मी लिहिलंय त्याहून कमी भरलं. यंत्र बिघडलं असेल.

१५ नोव्हेंबर

पुन्हा मोजलं. कालच्यापेक्षा लोखंड वाढलंय. पोलादकाकांना दाखवलं तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्याकडे घरच्या सुरीत मुद्दाम उणीव ठेवतात म्हणे; उपाशी पोलादाची धार टिकते. म्हणून तिची बेरीज कुणी पुरी करत नाही. ती पुरी भरलेली आहे असं तू लिहिलंस, आता ती तेवढं लोखंड भरून घेईल, म्हणाले. कुणाकडून, मी विचारलं. म्हणाले, जी रोज तिला हातात धरते तिच्याकडून. आधी का नाही बोललात, असं मी ओरडले, तर म्हणाले, तू हसली असतीस. हसलेच असते. वर आले तेव्हा धाकटी भिंत धरून उभी होती.

१७ नोव्हेंबर

गोळ्यांचा गुण नाही. काकांनी सुरी भट्टीत टाकली — लाल होते, वितळत नाही. मी पुन्हा ‘बाकी’ लिहायला गेले, यादी घेईना. ओळ पुसेना. साइटवाला फोन उचलत नाही. माझाच बंदोबस्त माझ्या मुळावर आला. लहानपणापासून माझं शेपूट ही. मी चल म्हटलं आणि आली. कुठे आणलं मी हिला —

१८ नोव्हेंबर

सुचलं! लोखंडाचा आकडा खाली आणला. शंभर भरायला दुसरं काहीतरी वाढवणं भाग होतं, म्हणून पहिल्याच रकान्यात, कार्बनमध्ये, तेवढं टाकलं. घेतलं यादीनं! दुपारी धाकटीच्या ओठांना रंग. भूक लागली म्हणाली. मी मोठ्यांदा रडले.

१९ नोव्हेंबर

मनगटावरचं घड्याळ तिच्या कोपरापर्यंत सरकतंय. जेवते, भरपूर जेवते, तरी —

पोलादकाका आले. लोखंडाऐवजी काय वाढवलंस, विचारलं. सांगितलं. माणसात लोखंड चिमूटभर गं, म्हणाले. कार्बन म्हणजे तर — मांस, कातडी, सगळीकडे तोच —

दुपार

तिला उचलून आत निजवलं. हाताला वजनच लागलं नाही.

क्रोमियम. ते माणसात नसल्यातच जमा. कार्बन कमी केला, क्रोमियम वाढवलं. बेरीज शंभर. ‘साठवा’ दाबलं. पडद्यावर चाक फिरतंय.

हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहितेय —

आतून ताई, ताई. आवाज केवढासा झालाय. काका आत गेले आणि — काय बघितलं त्यांनी — मला येऊ नकोस म्हणतात, आधी ते यादीचं पान —

फिरतंय अजून.

हाक थांबली. नाही, आली. आली. येते गं राणी, एवढं साठवलं गेलं की —